होथ म्हणजे डोकं

डब्लिनमधल्या मराठी घरांचा एक अलिखित नियम आहे, भारतातून कुणाचे आईवडील आले की पहिल्या वीकेंडला मोहेरचे कडे आणि दुसऱ्या वीकेंडला होथ. मोहेरला जायचं तर गाडी हवी, अख्खा दिवस हवा, आणि नशीब फुटकं असलं तर २१४ मीटर उंच कड्यावर उभं राहून समोरचं नुसतं पांढरं धुकं बघून परत यायचं. आमचं दोनदा असं झालंय, फोटोत आम्ही कुठल्यातरी ढगात उभे आहोत आणि दात काढतोय. होथचं तसं नाही. डार्टमध्ये, म्हणजे डब्लिनच्या लोकलमध्ये बसा, शहरातून अर्ध्या तासात लाईन संपते, आणि लाईन संपते तिथंच होथ. पाऊस आला तर पुढच्या गाडीनं घरी.

पाच वर्षांत मी किती वेळा गेले असेन याचा हिशोब नाही. आणि दरवेळी तेच, स्टेशनवर उतरायचं, कड्यावरची वाट चढायची, पिवळ्या काटेरी गॉर्समध्ये उभं राहून फोटो, लांबून बेली दीपगृहाचा फोटो, खाली येऊन आईस्क्रीम, घरी. त्यामुळे जुलैत आई आली तेव्हा मला वाटलं, होथ काय, होथ तर मला पाठ आहे.

आधी उच्चाराचं सांगते, कारण स्पेलिंग वाचून मी स्वतः पहिले सहा महिने 'हाउथ' म्हणत होते आणि ऑफिसात कुणी एकदाही सुधारलं नाही. इथले लोक तसे सभ्य, मागून हसत असणार. उच्चार होथ. शब्द आला व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून आणि त्याचा अर्थ चक्क डोकं. नकाशा बघितलात तर पटेल, डब्लिनच्या उपसागराच्या उत्तरेला जमिनीची एक बारीक मान पुढे आलीय आणि तिच्या टोकाला हे गोल डोकं. आयरिशमध्ये नाव वेगळंच, बिन एडर, म्हणजे एडरचं शिखर, स्टेशनच्या पाटीवर दोन्ही नावं असतात. हे सगळं मी आईला गाडीत ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डोक्याचा काय ता मगे बघू, तिकडे मासे गावतत काय?"

आई मालवण तालुक्यातली. गावाचं नाव नको लिहू म्हणून तिची ताकीद आहे, पण आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर, त्यांचं वराड तिथून काही फार लांब नाही एवढं सांगायची परवानगी आहे, उलट ते लिहीच असा आग्रह आहे. साडी, त्यावर माझं पफर जॅकेट, पायात माझ्या मुलाच्या शाळेच्या स्पोर्ट्स डेला घेतलेले बूट आणि डोक्याला स्कार्फ अशा अवतारात बाई खिडकीशी बसली होती. जुलै महिना, सतरा डिग्री, समोरची मुलगी हाफ चड्डीत, आणि दोघी एकमेकींकडे सारख्याच काळजीनं बघत होत्या. सटन स्टेशन सुटलं की होथच्या अलीकडे डाव्या हाताला अचानक समुद्र येतो, अगदी रुळांच्या शेजारी. मी म्हटलं बघ बघ. आईनं बघितलं. "ओहोटी आसा," एवढंच म्हणाली. मी इतक्या वेळा त्या खिडकीत बसलेय, आज भरती आहे की ओहोटी हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तर प्लॅन असा होता की सगळ्यांनी कड्यावर जायचं. स्टेशनपासूनच वेगवेगळ्या रंगांच्या बाणांच्या वाटा सुरू होतात, हिरवी सगळ्यात सोपी, साधारण सहा किलोमीटर. आई स्टेशनच्या दारात उभी राहिली, वरच्या चढाकडे बघितलं, समोरच्या बंदराकडे बघितलं, आणि गुडघ्याला हात लावला. हा गुडघा मंदिरात प्रदक्षिणा घालताना कधी दुखत नाही हे नोंदवून ठेवते. शेवटी नवरा आणि पोरगा वर गेले आणि आम्ही दोघी रस्ता ओलांडून पश्चिमेच्या धक्क्याकडे निघालो. माझं तोंड जरा पडलेलंच होतं, खोटं कशाला बोला. एवढं ऊन पडलेलं, वरून काय व्ह्यू असणार, आणि मी चाललेय मासळीच्या दुकानात.

पश्चिमेचा धक्का म्हणजे होथचं खरं कामाचं अंग. एका बाजूला ट्रॉलर बांधलेले असतात, गंजलेले, निळे-लाल, त्यांच्यावर हिरव्या जाळ्यांचे ढीग. दुसऱ्या बाजूला ओळीनं मासळीची दुकानं आणि रेस्टॉरंटं. आयर्लंड सरकारची जी सहा मोठी मासेमारी बंदरं आहेत त्यांतलं होथ एक, म्हणजे नुसतं टुरिस्टांसाठी बोटी बांधून ठेवलेलं गाव नाही. आई धक्क्यावर पाऊल टाकल्या टाकल्या थांबली आणि तिनं नाक वर करून वास घेतला. परत घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हय माशाचो वासच येणा नाय. ह्यो कसलो मासळीबाजार?"

आता मालवणात मासळी म्हणजे काय ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. संध्याकाळी बोटी लागतात, वाळूत ढीग पडतात, लिलाव सुरू होतो, कोण किती बोललं ते बाहेरच्याला कळतसुद्धा नाही, डोक्यावर टोपल्या घेऊन बायका पळतायत, कावळे, कुत्री, मांजरं, बर्फवाला, आणि एक आजी हमखास कुणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार करतेय. इथं काचेचं दार ढकललं की घंटी वाजते. आत पांढऱ्या टाईल्स, काचेच्या मागे बर्फ, बर्फावर मासे असे मांडलेले की सोनाराच्या दुकानात आल्यासारखं वाटावं. प्रत्येकाला नावाची पाटी. हात लावायचा नाही. आई काचेला नाक लावून उभी, आणि मी एकेक पाटी वाचून तिला सांगतेय, हा कॉड, हा हॅडॉक, हा हेक, हा मंकफिश, ही रे, म्हणजे आपली वागळी गं. "ती वागळी माका दिसता," आई म्हणाली. "पाटी नसली तरी दिसता."

मग ती कोळंबीसमोर थांबली. डब्लिन बे प्रॉन्स म्हणतात त्यांना, इथलं अभिमानाचं प्रकरण, मेनूत वरच्या बाजूला, गुलाबी-केशरी, लांब नांग्या असलेली. मी म्हटलं आई, ही इथली फेमस कोळंबी. तिनं एक नजर टाकली. "ही सुंगटां नाय. ह्यां शेवंडीचां पिल्लू." घरी येऊन मी बघितलं तर बाई बरोबर, नाव प्रॉन पण खानदान लॉबस्टरचं. तिला हे कुणी शिकवलं नाही, नांगी बघितली आणि सांगितलं.

आणि मग बांगडे. इथले बांगडे आपल्यापेक्षा जरा वेगळे दिसतात, आपल्याकडच्याला अंगावर ठिपक्यांची ओळ असते आणि सोनेरी झाक, इथल्याच्या पाठीवर वाघासारखे वेडेवाकडे काळे-निळे पट्टे. उन्हाळ्यात इतके येतात की धक्क्यावरून पोरंसुद्धा गळ टाकून ओढतात, एका दोरीला पाचसहा हुक, हुकाला रंगीत पिसं. आईचा चेहरा पहिल्यांदा खुलला. बांगडो! अगदी माहेरचं माणूस भेटल्यासारखं. डोळे बघितले, म्हणजे काचेतून जेवढे दिसतील तेवढे, चकचकीत होते, फुगीर होते, पास. कल्ले बघायचे होते. मी म्हटलं आई ते दाखवत नाहीत. म्हणाली इचार. मी लाजत लाजत काउंटरवरच्या काकांना विचारलं की माझ्या आईला जरा कल्ले बघायचेत, आणि ते काका, साठीचे असतील, पांढरा कोट, लाल नाक, माझ्याकडे न बघता सरळ आईकडे बघून हसले, बांगडा उचलला, अंगठ्यानं कल्ला उघडून तिच्या समोर धरला. लालभडक. आईनं मान हलवली. त्यांनीही मान हलवली. यानंतर माझी त्या दुकानात काही गरज उरली नव्हती.

सहा बांगडे घेतले. काकांनी सवयीनं सुरी घेतली आणि कुणी काही बोलायच्या आत पहिल्याचं डोकं उडवून, दोन्ही बाजूंनी फिले काढून, मधला काटा डोक्यासकट मागच्या बादलीत. पाच सेकंद लागले असतील. आई किंचाळलीच. "अरे मेल्या, डोका खय टाकल्यान?" अख्खं दुकान वळून बघायला लागलं. मी भाषांतर केलं, अर्थात मेल्या वगळून. काका गोंधळले, त्यांना वाटलं सुरी चुकली की काय. म्हणाले, डोकं? डोकं कुणी नेत नाही, डोकी-काटे खेकड्यांच्या पिंजऱ्यात आमिषाला जातात. आईला हे सांगितल्यावर ती जी बघत राहिली माझ्याकडे. तिच्या मते माशाचं डोकं खेकड्याला घालून मग तो खेकडा पकडून माणसानं खायचा हा द्राविडी प्राणायाम झाला.

मग काकांनी विचारलं तुम्ही कुठल्या. मी म्हटलं इंडिया, पश्चिम किनारा, माझी आई समुद्राजवळच्या गावातली. एवढं ऐकून आईनं तिला येणारं एकमेव आयरिश नाव काढलं, "लिओ वराडकर! अवर साईड! नियर!" हातानं दाखवलं पण, किती जवळ. काका मोठ्यानं हसले. लिओंचे वडील मूळचे वराडचे, डॉक्टर म्हणून आधी इंग्लंडला आणि मग आयर्लंडला आले, पोरगा २०१७ मध्ये इथला पंतप्रधान झाला, इथं त्या पदाला टीशख म्हणतात, आणि २०१९ च्या डिसेंबरात तो सगळ्या गोतावळ्यासकट वराडला येऊन गेला तेव्हा आमच्याकडे पंचक्रोशीत दुसरा विषय नव्हता. काका म्हणाले मी त्याला मत दिलं की नाही हे तुझ्या आईला सांगणार नाही, पण डोकी घेऊन जा. आणि बादलीतून निवडून, धुऊन, बांगड्यांची सहाही डोकी आणि वर दोन हेकची मोठी डोकी, बर्फ घालून पिशवीत बांधून दिली. पैसे? त्यांनी हात असा झटकला जसा आपल्याकडे कोथिंबीरवाला झटकतो. झटकायचा, पूर्वी.

बाहेर येऊन आम्ही धक्क्यावरच्या बाकड्यावर बसलो. आईच्या डोक्यात एकच विषय, हे लोक चहूबाजूंनी पाण्यात आहेत आणि डोकं खात नाहीत. "बेटार रवान मासे खाणत नाय?" मी म्हटलं खातात गं, पण आपल्यासारखे नाही, चांगला माल बराचसा स्पेन-फ्रान्सला जातो (यावर ती लगेच म्हणाली आपलं पापलेट पण असंच जातं, तेवढं पटलं तिला). आणि दुसरं म्हणजे इथं मासे हा पिढ्यान्पिढ्या शुक्रवारचा पदार्थ. कॅथलिक लोक शुक्रवारी मटण खायचे नाहीत, उपासासारखं, म्हणून त्या दिवशी मासे. म्हणजे मासे ही शिक्षा. आई माझ्याकडे बघत राहिली.

"उपास म्हणान मासे?"

हो.

"मगे मी जन्मभर उपासच केलंय."

हसून हसून माझ्या डोळ्यात पाणी आलं, शेजारच्या बाकावरच्या जर्मन जोडप्यानं उठून जागा बदलली. नंतर मी तिला मोठ्या दुष्काळाचंही सांगितलं, १८४५ नंतर बटाटा सडला आणि लाखो माणसं मेली तेव्हाचं. ती म्हणाली, समुद्र होता ना. मला पण हा प्रश्न पडला होता पहिल्यांदा. पण पश्चिमेकडच्या, गॉलवेच्या बाजूच्या कोळ्यांनी पोट भरायला आपली जाळीच गहाण टाकली होती, आणि तिकडचा समुद्र हिवाळ्यात असा की छोट्या होड्या बाहेर काढता येत नाहीत. जाळी गहाण म्हटल्यावर आई काही बोलली नाही. पिशवी मांडीवर नीट घेतली. आमच्या आजोळच्या गोष्टीतही एक गहाण पडलेली होडी आहे, ती पुन्हा कधीतरी.

मग सील आले. होथच्या बंदरात सील असतातच, करड्या रंगाचे, मोठाले, ट्रॉलरच्या शेजारी डोकं वर काढून माणसांकडे बघत राहतात, कुणी काही टाकतं का म्हणून. खायला घालू नका अशा पाट्या आहेत. आईनं पाटी वाचायला लावली, अर्थ समजून घेतला, आणि हेकच्या डोक्यांची पिशवी मांडीवरून उचलून आपल्या जॅकेटच्या आत घातली. सीलसाठी नाही, सीलपासून. नंतर बराच वेळ ती आणि एक सील एकमेकांकडे टक लावून बघत होते, दोघांचा संशय सारखाच.

बसल्या बसल्या मी बंदराबद्दल जे माहीत होतं ते ऐकवत होते. हे दगडी बंदर १८०७ मध्ये बांधायला घेतलं, इंग्लंडहून टपाल आणणारी जहाजं इथं लागावीत म्हणून. दहाएक वर्षं खपून बांधलं, आणि बांधून होईतो गाळ भरायला लागला. थोडी वर्षं टपाल आलं, मग १८३४ पर्यंत सगळं उचलून उपसागराच्या दक्षिणेला, आजच्या डन लेरीला नेलं. आईला यात जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. राजापूरची खाडी गाळानं भरली आणि गलबतं यायची बंद झाली ही गोष्ट आमच्याकडे काल घडल्यासारखी सांगतात. गाळ कुणाला सोडत नाही असा तिचा एकंदर सूर. पण मला गंमत अशी वाटते की ते टपाल गेलं म्हणून होथ कोळ्यांचं राहिलं, नाहीतर आज इथं कंटेनर दिसले असते, बांगडे नाहीत.

याच धक्क्यावर एका राजाची पावलं आहेत. खरीच. इंग्लंडचा चौथा जॉर्ज १२ ऑगस्ट १८२१ ला इथं उतरला, त्याचा वाढदिवस होता, आणि गडी म्हणे बोटीतच भरपूर ढोसून आला होता. तो जिथं उतरला तिथं एका पाथरवटानं दगडात त्याच्या पावलांचे ठसे कोरून ठेवले. मी आईला ते दाखवायला नेलं, आपल्याकडे पादुका असतात तशा, पण हळदकुंकू नाही, सीगलची शिट आहे. आईनं आपला बूट त्यावर ठेवून बघितला. राजाचा पाय तिच्यापेक्षा फार मोठा नव्हता. "ह्याका बघूक माणसा ईली होती?" आली होती म्हणे, खूप. वर याची बायको मरून आठवडासुद्धा झाला नव्हता. हे ऐकल्यावर आईनं राजाचा विषय बंद केला.

पूर्वेचा धक्का वेगळा, तिकडे फिरायला येणारे लोक, कुत्री, बाबागाड्या, आणि टोकाला जुनं छोटं दीपगृह. मला तिथं आवर्जून न्यायचं होतं कारण तिथली गोष्ट मला होथमधली सगळ्यात आवडती. २६ जुलै १९१४, रविवार. भर दुपारी या बंदरात आसगार्ड नावाची एक शिडाची होडी आली आणि तिच्यातून नऊशे जर्मन माउझर रायफली उतरवल्या. गुपचूप रात्रीबित्री नाही, दिवसाढवळ्या, धक्क्यावर आयरिश स्वयंसेवक रांगेत उभे, हातोहात बंदुका घेतल्या आणि डब्लिनच्या दिशेनं चालू पडले. होडी होती अर्स्किन चिल्डर्स आणि त्याची बायको मॉली यांची, मॉलीच्या माहेरून लग्नात भेट मिळालेली. आई थांबली. "लग्नात गावलल्या होडयेतसून बंदुका?" हो ना. आणि मॉलीला लहानपणी बर्फावर अपघात होऊन कंबर कायमची अधू झालेली, तरी ती त्या अख्ख्या प्रवासात बोटीवर होती, सोबत मेरी स्प्रिंग राइस म्हणून आणखी एक बाई. दोघींचा बोटीवर बंदुकांसोबत काढलेला फोटो आहे, लांब झगे घालून मजेत बसल्यात, जशा काही पिकनिकला. त्याच संध्याकाळी शहरात परतणाऱ्या ब्रिटिश सैनिकांनी नदीकाठी जमावावर गोळीबार केला, माणसं मेली, आणि दोनच वर्षांत त्यातल्याच रायफली ब्रिटिशांविरुद्धच्या ईस्टरच्या उठावात वापरल्या गेल्या. तो उठाव एप्रिल १९१६ चा, आणि त्याच एप्रिलमध्ये इकडे बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. होमरूल हा शब्द शाळेत आपण पाठ केलेला असतो, तो मुळात आयर्लंडमधून आलेला आहे हे मला इथं येऊन कळलं, इतिहासाच्या बाईंनी सांगितलं असेल तर माझं लक्ष नव्हतं. होडी अजून आहे, डब्लिनच्या म्युझियममध्ये ठेवलीय, फुकट बघता येते.

आईनं धक्क्यावरची पाटी बघितली, पाण्याकडे बघितलं, खोली किती असेल याचा अंदाज घेतला आणि म्हणाली, भरती बघून आणली असणार. आता हे मी कुठंच वाचलं नव्हतं तेव्हा, पण विचार केला तर बरोबरच आहे की, गाळानं भरलेल्या बंदरात शिडाची जड होडी ओहोटीला कशी आणणार. इतिहास वाचताना मला तारीख दिसते, तिला पाणी दिसतं.

होथच्या किल्ल्याची एक दंतकथा सांगून टाकते कारण ती नाही सांगितली तर होथचं काही खरं नाही. सोळाव्या शतकात पश्चिम आयर्लंडची ग्रेस ओमॅली, आयरिशमध्ये ग्रॉन्या, स्वतःची जहाजं आणि स्वतःचे खलाशी असलेली जबरदस्त बाई, ती परतीच्या वाटेवर होथला थांबली आणि किल्ल्यावर जेवायला गेली. दार बंद. मालक जेवतायत, भेटणार नाहीत. बाईचं डोकं फिरलं, तिनं जाता जाता त्या घराच्या वारसालाच उचललं आणि थेट पश्चिमेला, मेयोला नेलं. सोडवायला बाप गेला तर तिनं सोनं मागितलं नाही. अट घातली, यापुढे जेवणाच्या वेळी तुझं दार बंद दिसता कामा नये आणि पाहुण्यासाठी एक ताट रोज जास्तीचं मांडायचं. त्या घराण्यानं पिढ्यान्पिढ्या ते ताट मांडलं म्हणतात, २०१९ मध्ये किल्ला विकला जाईपर्यंत आठशेहून जास्त वर्षं तो त्यांच्याचकडे होता. आईला ही बाई फार आवडली. बाकी सगळ्या होथमध्ये तिला मनापासून आवडलेल्या तीन गोष्टी, कल्ला दाखवणारे काका, लग्नातली होडी आणि ही.

समोर समुद्रात एक बेट दिसतं, आयर्लंड्स आय. सगळ्यांना वाटतं आयर्लंडचा डोळा, काय काव्यात्मक नाव, मलाही वाटायचं. पण हा आय म्हणजे डोळा नव्हेच, नॉर्समध्ये बेटाला 'एय' म्हणतात त्याचं झालेलं रूप. म्हणजे डोकं खरं आणि डोळा खोटा. बेटावर माणसं राहत नाहीत, एका टोकाच्या कड्यावर गॅनेट पक्ष्यांची इतकी वस्ती की खडक लांबून पांढरा दिसतो, आणि नेपोलियन येईल या भीतीनं बांधलेला एक गोल बुरूज, तसलाच एक अलीकडे होथ गावातही आहे आणि त्यात आता जुन्या रेडिओंचं म्युझियम आहे. नेपोलियन काही आला नाही. बेटावर जायला बोटी असतात, आम्ही विचारलं, आई म्हणाली होडीत बसायला मी पैसे देऊ? विषय संपला.

दोन-अडीच तासांनी वरची पार्टी खाली आली, लाल झालेली, घामेजलेली, खूश. नवऱ्यानं येता येता फिश अँड चिप्स घेतले होते आणि तो आमच्याकडे चालत येत असतानाच, मी ओरडेपर्यंत, मागून एक सीगल आला आणि कागदातला सगळ्यात मोठा तुकडा घेऊन गेला. इथले सीगल म्हणजे आकारानं कोंबडी आणि स्वभावानं मुंबईची लोकल. पोरगा रडायच्या बेतात, नवरा आकाशाकडे बघून मराठीत बोलतोय, आणि आईनं फक्त जॅकेटची चेन जरा आणखी वर ओढली. तिची डोकी सुरक्षित होती.

नवऱ्यानं वरचे फोटो दाखवले. खरंच सुंदर होते, जांभळं हेदर फुलायला लागलेलं, खाली हिरवं-निळं पाणी, टोकाला पांढरं बेली दीपगृह, १८१४ चं, आयर्लंडमध्ये सगळ्यात शेवटपर्यंत माणसानं सांभाळलेलं दीपगृह हेच, १९९७ मध्ये तेही आपोआप चालायला लागलं. मला जरा हळहळ वाटली, म्हटलं आई बघ काय मिस केलं आपण. आईनं फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, दीपगृह बाजूला सरकवलं, आणि कड्याच्या पायथ्याशी पाण्यात तरंगणाऱ्या नारिंगी ठिपक्यांवर येऊन थांबली. "ह्ये बोये. खाली कुर्ल्यांचे पिंजरे आसतले." मी त्या वाटेवरून कितीदा गेलेय, नारिंगी ठिपके मला कधी दिसले नव्हते. मग म्हणाली, "डोकी हयच जातत तर."

घरी आलो. आमचा फ्लॅट भाड्याचा, स्वयंपाकघर म्हणजे हॉलचाच एक कोपरा, आणि स्मोक अलार्म असा हळवा की पापड भाजला तरी रडतो. आईनं गावाहून आणलेलं तिरफळ काढलं, ओलं खोबरं इथं फ्रोझन मिळतं ते नाक मुरडत वाटलं, आमसुलं घातली, बांगड्याचं तिखलं एका बाजूला आणि हेकच्या डोक्यांचं आंबट दुसऱ्या बाजूला. इथल्या बांगड्याला चरबी जास्त, कढीवर तेलाचा तवंग आपला आपण आला. अलार्म दोनदा वाजला, दोन्ही वेळा नवरा टॉवेल हलवत खुर्चीवर उभा. नऊ वाजता जेवायला बसलो तर बाहेर लख्ख उजेड, आईला या उजेडाचा महिनाभर राग होता, रात्र झाल्याशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही म्हणायची. पण त्या दिवशी काही बोलली नाही. मोठं डोकं तिनं स्वतःच्या ताटात घेतलं आणि पुढचा अर्धा तास कुणाशीही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे तिकडे दुपारी, मावशीला व्हिडिओ कॉल. मी चहा करत ऐकत होते. मला उत्सुकता होती की काय सांगते, कडा, दीपगृह, सील, राजाची पावलं, बंदुका. मावशीनं विचारलं काल कुठे नेलं पोरीनं. आई म्हणाली, समुद्रार. बरा होता का? बरा होता. मग आवाज खाली आणून, जशी काही सोन्याचा भाव उतरल्याची आतली बातमी सांगतेय,

"गो, हय डोकी फुकट देतत."